डावे जोडे डावीकडे

‘घरी करून घ्या’ हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं असेल, त्याने स्वतः घरी कधी इकडची काडी तिकडे केली नसणार, याबद्दल मुंगीच्या आईला तिळमात्र शंका नव्हती.

बालवर्गाच्या बाईंनी तिला ते वाक्य ऐकवलं तेव्हा ती एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती. खुर्ची चार वर्षांच्या माणसाच्या मापाची होती. पालकसभेला शाळा याच खुर्च्या मांडते आणि त्यामागे खोल विचार असतो. गुडघे हनुवटीला टेकलेल्या अवस्थेत जगातल्या कुठल्याही माणसाला आपली बाजू ठामपणे मांडता येत नाही. बाई स्वतः मोठ्या खुर्चीत होत्या.

बाईंचं म्हणणं असं, की मुंगी गोड आहे, कुणाला चावत नाही, डबा संपवते, पण उत्तर देत नाही. लाल कार्ड दाखवून रंग विचारला, गप्प. त्रिकोण दाखवला, गप्प. तीन चेंडू ठेवून किती म्हटलं, की ती चेंडूंकडे बघते, मग बाईंकडे बघते, आणि (बाई इथे जराशा अडखळल्या) तेव्हा तिच्या नजरेत कीव असल्यासारखी वाटते. आता वर्ष संपायच्या आत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकेका मुलाला बोलावून बघणार होत्या. चाचणी नव्हे हं, नुसतं निरीक्षण. त्यात मुंगी अशीच राहिली, तर तिला आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवलेलं बरं.

“पण तुम्ही टेन्शन घेऊ नका,” बाई म्हणाल्या. “क्लास नको, खेळणी नकोत. रोजच्या घरकामातून मुलं आपोआप शिकतात. घरी करून घ्या.”

आईने टेन्शन घेतलं. शाळेच्या फाटकापर्यंत येईतो तिने ते पुरेसं घेतलं होतं आणि रस्ता ओलांडेपर्यंत त्याचा संताप झाला होता. म्हणजे शिकवायचं घरी, आणि शाळेत काय करायचं, तर निरीक्षण. उद्या डॉक्टर म्हणतील ऑपरेशन घरी करून घ्या, टाके मी बघेन. शिवाय ते ‘आपोआप’. तिच्या घरात आजवर एकही गोष्ट आपोआप झालेली नव्हती. गिझरसुद्धा थोबाडीत मारल्याशिवाय लागत नव्हता.

पण संतापाच्या तळाशी जे होतं ते निराळंच होतं. बालवर्गातली सगळी मुलं शेजारच्या खोलीत जाणार, मोठ्या खुर्च्यांवर बसणार, आणि मुंगी मात्र त्याच लाल खुर्चीत, नव्याने भरती झालेल्या रडक्या मुलांच्या मधोमध, हाताची घडी घालून बसलेली. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की आईचा घसा दाटून यायचा. दाटलेल्या घशाचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती रागवायची. बहुतेक दुखण्यांवर तिच्याकडे हे एकच औषध होतं.

मुंगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच होतं. रांगायला लागल्यापासून ती घरातली एखादी वस्तू उचलायची आणि भिंतीच्या कडेकडेने, कुणाला न सांगता, दुसरीकडे नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. बोलायला तिला येत नव्हतं असं नाही. भूक लागली, टोचतंय, नको, हे सगळं ती व्यवस्थित सांगायची. पण हा रंग कुठला म्हटलं, की तोंडाला कुलूप.

मुंगीच्या बाबांना शाळेतली हकिगत सांगितल्यावर ते “होईल गं” म्हणाले. ते सगळ्यालाच होईल गं म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात मुख्यतः दोन गोष्टी असत, ‘होईल गं’ आणि ‘कुठंय’. सकाळी उठल्यापासून टॉवेल कुठंय, मोजे कुठंयत, किल्ली कुठंय, आणि डोक्यावर सरकवलेला चष्मा कुठंय. लग्नानंतर बरीच वर्षं आईने या प्रश्नांना उत्तरं दिली. मग एक दिवस तिने ठरवलं की यापुढे द्यायची नाहीत. तेव्हापासून तो प्रश्न घरात नुसता तरंगत राही, आणि थोड्या वेळाने ती वस्तू कशी कोण जाणे बाबांच्या हातात असे. कशी, ते बघायला आईला सवड नव्हती. तिला घरी करून घ्यायचं होतं.

तिने करून घ्यायला सुरुवात केली. कणीक मळताना गोळा गोल की चपटा, बटाटा जड की कांदा, चहाच्या कपात पाणी जास्त की ग्लासात, जिन्याला पायऱ्या किती, पडदा कुठल्या रंगाचा, आणि मुंगी, इकडे बघ, चमचा वाटीच्या आत की बाहेर. घरात एक वाक्य सरळ बोलायची सोय राहिली नाही. सासूबाईंनी मीठ मागितलं तर आई ते हातात घेऊन विचारायची, मुंगी, मीठ खारट की गोड. सासूबाईंचा हात तसाच पुढे राहायचा.

मुंगी सगळं करायची, आणि चोख करायची. धुतलेल्या मोज्यांच्या ढिगातून तिने अशा जोड्या लावल्या की ज्या हरवल्या म्हणून आईने आशा सोडून दिली होती. चमचे लावले, वाट्या लावल्या, पाणी एक थेंब न सांडता या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं. आणि मग आईने विचारलं, किती जोड्या झाल्या गं? की मुंगी मोज्यांकडे बघायची, आईकडे बघायची, आणि बाई म्हणाल्या होत्या तेच. कीव.

एके सकाळी आईने राजमा आणि वाटाणे एका परातीत ओतून हाताने कालवले आणि परात मुंगीपुढे ठेवली. सासूबाईंनी हे दारातून पाहिलं. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं धान्य निवडण्यात घालवली होती, आणि डोळ्यांदेखत कुणी निवडलेलं धान्य मुद्दाम मिसळताना पाहायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी फोन उचलला आणि आपल्या बहिणीला आतल्या खोलीत जाऊन, पण दार उघडं ठेवून, सांगितलं की सूनबाईंची तब्येत जरा बरी नाही.

समोरच्या दारातल्या काकूंना सल्ला द्यायला कारण लागत नसे. इथे तर कारण होतं. त्यांच्या नातवाला शंभरपर्यंत आकडे सुलटे आणि उलटे येत, आणि काकू त्याला दोन्ही दिशांनी चालवून दाखवत. नातू डोळे मिटून उलटे आकडे म्हणत असताना आईने त्याला जरा दोन चमचे आण असं सांगितलं, तर तो ड्रॉवर घेऊन आला. आईला बरं वाटलं. पण काकूंचा सल्ला तिने घेतलाच, कारण ती घाबरलेली होती आणि घाबरलेला माणूस कुणाचाही सल्ला घेतो. काकू म्हणाल्या, घरातल्या प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी डकव. मूल येता-जाता बघतं, अक्षर आपोआप डोक्यात जातं.

पुन्हा आपोआप. तरी आईने दोन संध्याकाळी बसून चिठ्ठ्या डकवल्या. दार, खिडकी, आरसा, फ्रीज. सासूबाई म्हणाल्या, मलाही एक लाव म्हणजे घोटाळा नको. मुंगीने चिठ्ठ्या निरखून पाहिल्या, मग एकेक सोलून काढली, आखूड एकीकडे, लांब एकीकडे अशी रचली आणि एक उरली ती न्याहारी करत असलेल्या बाबांच्या पाठीवर नीट दाबून बसवली. बाबा दिवसभर ऑफिसात ‘कपाट’ म्हणून वावरले. तिथे ते कुणालाच खटकलं नाही, याचं आईला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

त्यानंतर गोळ्यांचं झालं. रंग ओळखण्याच्या धड्याचा परिणाम म्हणून मुंगीने सासूबाईंच्या औषधांच्या पट्ट्यांतून सगळ्या गोळ्या फोडून तीन वाट्यांत भरल्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. दिसायला फार सुरेख दिसत होतं. तोंडात एकही गेलेली नाही याची आईने पट्टीचा एकेक खळगा तपासून खात्री केली, औषधांचा डबा माळ्यावर चढवला, आणि वाट्या घेऊन दुकानात धावली. दुकानदार म्हणाला सुटी गोळी आम्ही ओळखत नाही, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांकडच्या खिडकीतली मुलगी म्हणाली गोळ्या आम्ही बघत नाही, पेशंटला आणा. पेशंटला विचारलं तर पेशंट म्हणाल्या, मी ठणठणीत आहे, आजारी तुझी पद्धत आहे.

त्या दिवशी आई स्वयंपाकघराचं दार लावून रडली. रडतानासुद्धा ती रागावलेलीच होती. कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून तिने कुकर घासला.

आणि मग तो रविवार आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं सगळं मुंगीच्या अंगावर ढकललं जाणार नाही. त्या आठवड्यात आईने तिच्याकडून चार धडे करून घेतले होते. वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावणं. डावं-उजवं, आणि तेही घरातल्या चपलांवर. दोन-दोन पायऱ्या मोजत जिना चढणं. आणि बोटांच्या स्नायूंना बळकटी यावी म्हणून दाराची कडी काढणं आणि लावणं. चारही धडे वेगवेगळे असताना निरुपद्रवी होते.

दुपारी सगळी इमारत जेवून झोपली होती. आईचाही कितीतरी दिवसांनी सोफ्यावर डोळा लागला. तिला जाग आली ती बाहेरच्या एका आवाजाने. आवाज सोसायटीच्या सेक्रेटरींचा होता आणि तो म्हणत होता की कुणीही कशालाही हात लावायचा नाही.

दार सताड उघडं होतं. त्या इमारतीत प्रत्येक दाराबाहेर चपलांचा रॅक होता, आणि आता प्रत्येक रॅक रिकामा होता. तळमजल्यापासून गच्चीच्या दारापर्यंत प्रत्येक पायरीवर भिंतीच्या बाजूला डावे आणि कठड्याच्या बाजूला उजवे, असे इमारतीतले यच्चयावत जोडे मांडलेले होते. अगदी खाली कुणाच्या तरी तान्ह्याचे कापडी बूट, मग बाळगोपाळांच्या चपला, मग बायकांच्या, मग पुरुषांच्या, आणि पार वर, गच्चीच्या दाराला टेकून, व्यायामशाळेच्या मास्तरांचे नांगरासारखे बूट. एकही चूक नव्हती. आईच्या मनात क्षणभर, अगदी क्षणभर, अभिमान येऊन गेला. मग तिने खाली पाहिलं. प्रत्येक मजल्यावर माणसं अनवाणी उभी होती आणि वर तिच्याकडे बघत होती. मुंगी कठड्याशी बसून मास्तरांच्या बुटाची नाडी सरळ करत होती.

सेक्रेटरी हे आयुष्यभर अशाच एखाद्या प्रसंगाची वाट बघत असावेत. पाण्याच्या टाकीचं झाकण आणि पार्किंगची रेघ यापलीकडे त्यांच्या अधिकाराला कधी वाव मिळाला नव्हता. त्यांनी जाहीर केलं की जिना ही सामायिक जागा आहे, सबब जिन्यातली वस्तू ही सामायिक वस्तू आहे, आणि ती कुणालाही अशीच उचलून देता येणार नाही. प्रत्येकाने आपल्या जोड्याचं वर्णन सांगायचं, कमिटीच्या दोन सभासदांनी ते पडताळायचं, मग ताबा. कुणीतरी म्हणालं, कमिटीचे सभासदसुद्धा अनवाणीच आहेत. सेक्रेटरींनी यावर विचार केला आणि ते म्हणाले की मग त्यांचा यात हितसंबंध येतो, त्यांना पडताळणी करता येणार नाही. म्हणजे कुणालाच करता येणार नव्हती. नियम पाळले गेले होते आणि सगळे अनवाणी होते.

एव्हाना पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी आणि त्यांच्या वर राहणाऱ्या विमावाल्यांनी एकाच काळ्या बुटाचं एकेक टोक धरलं होतं. काळे बूट सगळे सारखेच दिसतात, आणि रविवारी दुपारी झोपेतून उठलेली माणसंही.

आई पायरी पायरीवर माफी मागत खाली उतरत होती, आणि प्रत्येक पायरीवर माफीच्या बदल्यात तिला सल्ला मिळत होता. मूल जरा हुंदडायला सोडा. मूल असं मोकळं सोडू नका. एकीने तर आवाज खाली आणून, माझ्या ओळखीत अशा मुलांचे एक डॉक्टर आहेत, असं सांगितलं. ‘अशा’ हा शब्द आईच्या मस्तकात गेला. समोरच्या काकू नातवाच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. आमच्याकडे असलं कधी नाही बाई, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी तो हात नुसता डोक्यावर ठेवला. आईला वाटलं, आता आपण ओरडणार, आणि सुरुवात मुंगीपासूनच करणार. ती मागे वळलीसुद्धा.

तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं आणि त्यांना एवढंच समजत होतं की गडबड आहे आणि आपले बूट जागेवर नाहीत. त्यांनी चेहरा वर करून, कुणालाच उद्देशून नाही असं, विचारलं, “यातले माझे कुठले रे? मला काही दिसत नाही.”

“ते वरच्या खिडकीच्या खालच्या पायरीवर,” वरून आवाज आला. “डाव्याची टाच झिजलीय. आणि उजव्याची नाडी काळी नाहीये, तपकिरी आहे. तुम्ही तिला दोन गाठी मारता.”

मुंगी बोलत होती. डावं, उजवं, रंग, आकडे, वर, खाली. आईने मनातल्या मनात खुणा केल्या, सगळा अभ्यासक्रम एका दमात येऊन गेला होता. आजोबा काठी टेकत वर चढले, खिडकीखाली चाचपून त्यांनी बूट काढले, गाठी बोटांनी तपासल्या आणि म्हणाले, “अगदी बरोबर.” आणि फिरायला गेले.

मग बँकवाल्यांनी, इकडे तिकडे बघत, बुटाचं टोक न सोडता, हा माझाच ना, असं विचारलं. मुंगी म्हणाली, नाही, तुमच्या बुटात आत निळी गादी आहे, तो तिथे, वरून चौथ्या पायरीवर. यानंतर सेक्रेटरींच्या कार्यपद्धतीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळी इमारत मुंगीला विचारत होती आणि मुंगी सांगत होती, कडेकडेने पायऱ्या उतरत, बोट दाखवत, न थकता. शेवटी सेक्रेटरीच उरले. ते बराच वेळ कठड्याला रेलून राहिले आणि मग खाली वाकून हळूच त्यांनीही विचारलं.

“तुमचे जोडीचे नाहीयेत,” मुंगी म्हणाली. “एक मोठाय.”

सेक्रेटरींनी दोन्ही बूट शेजारी शेजारी धरून पाहिले. कुठल्यातरी सभेत एक बदलला गेला असणार. ते त्यानंतर बराच काळ तसेच चालले असणार, आणि कमिटीतल्या कुणालाही ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला नोटीस पाठवली. जिन्याचा शैक्षणिक कारणासाठी विनापरवाना वापर.

आईने ती नोटीस फ्रीजवर, जिथे पूर्वी ‘फ्रीज’ लिहिलेलं होतं तिथे, चिकटवली. तिला कशाचं काही वाटत नव्हतं. मुंगीला येत होतं, सगळं येत होतं. तिने आनंदाने एक चप्पल उचलून मुंगीपुढे धरली आणि विचारलं, ही डावी की उजवी?

मुंगीने चपलेकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि कीव.

निरीक्षणाच्या सकाळी आईचा चेहरा असा होता की सासूबाईंनी स्वतःहून मीठ घेतलं. मुंगी मात्र निवांत होती. मोठ्या बाईंच्या खोलीत एक बुटकं टेबल होतं, टेबलाभोवती त्याच लाल खुर्च्या होत्या, आणि आईने बसायला ठाम नकार दिला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बालवर्गाच्या बाई शेजारी उभ्या होत्या, काळजीने वितळत. मोठ्या बाई मात्र सराईतपणे त्या इवल्याशा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लाल कार्ड वर केलं. हा कुठला रंग गं बाळा?

मुंगी गप्प. त्रिकोण, गप्प. तीन चेंडू, गप्प. मोठ्या बाई प्रत्येक कार्डानंतर जास्त जास्त गोड होत होत्या, आणि मुंगीच्या नजरेतली ती कीव जास्त जास्त खोल होत होती. शेवटी त्यांनी कार्डं एकावर एक ठेवून टेबलावर आपटली आणि आईकडे बघून तो सहानुभूतीचा चेहरा केला.

“हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “एखादं वर्ष काही फार नसतं. तोवर घरी...”

“घरी म्हणू नका,” आई म्हणाली.

ते इतक्या शांतपणे निघालं की तिलाच नवल वाटलं. पण मुंगीची ती नजर तिच्या मनात अडकून पडली होती. जिन्यात आजोबांकडे मुंगीने असं पाहिलं नव्हतं. बँकवाल्यांकडे नाही, सेक्रेटरींकडेसुद्धा नाही. आणि एकदम सगळं तिच्या पुढ्यात येऊन पडलं. आजोबांना खरंच माहीत नव्हतं. इथे एक धडधाकट डोळ्यांची, केस पिकलेली बाई लाल कार्ड हातात धरून चार वर्षांच्या मुलीला विचारत होती की हा रंग कुठला. मुंगीला वाटत होतं, बिचारी. आणि घरी, सकाळ-संध्याकाळ, चमचा वाटीच्या आत की बाहेर असं विचारणारी आई. बिचारी आई. काय झालं असेल हिला?

तिचे कान तापले. आता राग कुणावर होता ते तिला नेमकं ठाऊक होतं, आणि त्यातला अर्धा स्वतःवरच होता, त्यामुळे उरलेला अर्धा तिने फार जोरात वापरला.

“तिला सगळं येतं. आमच्या अख्ख्या जिन्याला विचारा. तुम्हाला रंग माहीत आहे हे तिला दिसतंय, मग ती कशाला सांगेल? तुम्हाला खरंच माहीत नाही असं काहीतरी विचारा तिला.”

आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी शोधायची वेळ मोठ्या बाईंवर कितीतरी वर्षांत आली नसावी. त्यांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, बालवर्गाच्या बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी कार्डं बाजूला सरकवली आणि आपल्या नेहमीच्या, गोड नसलेल्या आवाजात विचारलं, “तू इथे बोलत नाहीस. मग घरी कुणाशी बोलतेस तू?”

“बाबांशी,” मुंगी म्हणाली.

“बाबांशीच का?”

“त्यांना काहीच माहीत नसतं ना.”

आणि मग सुरू झालं. रोज सकाळी टॉवेल कुठंय म्हणतात, हिरवा, तो दाराच्या मागे दुसऱ्या खुंटीवर असतो, पहिली आजीची आहे. मोज्यांच्या तीन काळ्या जोड्या आहेत पण एक भोकाची आहे ती द्यायची नाही. किल्लीला त्रिकोण लोंबतो, लाल, त्याचं एक टोक मोडलंय. चष्मा डोक्यावर असतो, तो खाली ओढला की होतं. डब्यात झाकण उलटं लावतात. बूट घालताना आधी उजवा घालतात आणि मग म्हणतात डावा कुठंय, तो खालीच असतो. मी सांगितलं की म्हणतात, अरेच्चा, मला माहीतच नव्हतं. मग ऑफिसला जातात.

मोठ्या बाई त्या बुटक्या खुर्चीत गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी, आणि किल्ली कुठे ठेवतात, असं विचारलं. ते निरीक्षण नव्हतं, त्यांना खरंच ऐकायचं होतं. बालवर्गाच्या बाईंनी डोळे टिपले. आईनेही टिपले असते, पण तिला पुढे काय येणार याचा वास लागला होता.

“मुलगी वर जाणार, प्रश्नच नाही,” मोठ्या बाई उठत म्हणाल्या. “रंग, आकार, आकडे, क्रम, सगळं पक्कं आहे. खरं सांगू का, इतकं सहज, रोजच्या व्यवहारातून करून घेणारे वडील मी फार थोडे पाहिलेत. त्यांना आमच्यातर्फे मुद्दाम सांगा.” मग आईच्या दंडावर हात ठेवून, समजुतीच्या सुरात, “तुम्ही मात्र जरा कमी विचारत जा.”

आई घरी चालत आली. रिक्षात बसली असती तर रिक्षावाल्याशी भांडण झालं असतं. मुंगी तिचं बोट धरून कडेकडेने चालत होती आणि वाटेत सापडलेलं एक बटण दुसऱ्या हाताच्या मुठीत होतं. मुंगी शेजारच्या खोलीत जाणार होती, मोठ्या खुर्च्यांवर बसणार होती. आईच्या घशातला तो जुना गोळा विरघळला होता आणि त्याच्या जागी एक ताजा, निरोगी, टवटवीत संताप उभा होता. परात, चिठ्ठ्या, वाट्या, नोटीस, सगळं तिने केलं. आणि वर्षभर उत्तम शिक्षण कुणी दिलं, तर ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही त्याने.

बाबा दारातच भेटले. बातमी ऐकून ते आधी चकित झाले, मग खूश झाले, आणि मग मोठ्या बाईंचा निरोप त्यांना नीट समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एक नम्र तेज पसरलं. सासूबाई आतून म्हणाल्या, मी म्हटलं नव्हतं? याच्या वेळी मीसुद्धा असंच काही केलं नव्हतं.

“तुझ्या आईला फोन तरी करतो,” बाबा म्हणाले आणि खिसे चाचपू लागले. “माझा फोन कुठंय?”

आईने तोंड उघडलं. मुंगीने वर पाहिलं. आईने तोंड मिटलं.

“फ्रीजवर, बाबा. नोटिशीच्या वर. उलटा ठेवलाय.”

“अरेच्चा,” बाबा म्हणाले, “मला माहीतच नव्हतं.” फोन घेऊन ते परत आले, आणि मुंगीच्या आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर त्यांचं तेज थोडं ओसरलं. “अगं, पण खरंच सांगतो,” ते संकोचून म्हणाले, “मी काहीसुद्धा केलेलं नाही.”

“तेवढं मात्र,” आई चपला काढत म्हणाली, आणि डावी डावीकडे, उजवी उजवीकडे ठेवली, “मला माहीत आहे.”